व्यायामाच्या खांद्यावरचे चुकीचे ओझे

वजन कमी करायचे ठरवलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो बहुधा व्यायामाचा. चालायला लाग, जिम लाव, पहाटे उठून पळायला जा, असे घरचे सांगतात, मित्र सांगतात आणि हाताशी वेळ कमी असला की डॉक्टरही तेवढेच सांगून पुढच्या रुग्णाकडे वळतात. खाण्याचा विषय नंतर निघतो आणि निघाला तरी ‘तेलकट आणि गोड जरा कमी करा’ एवढ्यावर आटोपतो. या सल्ल्यामागची कळकळ खरी असते, पण त्यातला क्रम उलटा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. या उलट्या क्रमाने दुहेरी नुकसान होते. वजन फारसे उतरत नाही आणि ‘इतका घाम गाळूनही काही फरक पडला नाही’ म्हणून माणूस दोन-तीन महिन्यांत व्यायामही सोडून देतो; म्हणजे ज्या सवयीचा त्याला आयुष्यभर उपयोग झाला असता तीच हातची जाते.

मुळात शरीर दिवसभरात जी ऊर्जा खर्च करते तिचा जमाखर्च पाहिला पाहिजे. बैठी जीवनपद्धती असलेल्या माणसाच्या एकूण खर्चातला साधारण 60 ते 70 टक्के वाटा श्वासोच्छ्वास, रक्ताभिसरण, शरीराचे तापमान राखणे आणि मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांचे अव्याहत चालणारे काम यांवर जातो. सुमारे 10 टक्के ऊर्जा अन्न पचवण्यात खर्ची पडते. उरलेल्या भागात दिवसभरातली सगळी हालचाल येते आणि ठरवून केलेला व्यायाम हा त्यातलाही एक तुकडा असतो. 70 किलो वजनाचा माणूस अर्धा तास झपाझप चालला तर सुमारे 150 कॅलरी खर्च होतात. त्यांपैकी 35 ते 40 कॅलरी तो खुर्चीत बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या. ट्रेडमिलच्या पडद्यावर चढत जाणारा आकडा पाहून हुरूप येतो खरा, पण बहुतेक यंत्रे हा बसल्या जागचा खर्च त्या आकड्यातून वजा करत नाहीत. म्हणजे निव्वळ कमाई राहिली सुमारे 110 कॅलरींची. शरीरात साठलेल्या एक किलो चरबीमागे साधारण 7,700 कॅलरी असतात. एकही दिवस न चुकता चालले आणि खाण्यात तिळमात्र वाढ झाली नाही, तरी या हिशेबाने एक किलो उतरायला सत्तर दिवस लागतात. दुसऱ्या बाजूला, साखर घातलेल्या शीतपेयाच्या 330 मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे 140 कॅलरी असतात आणि तो रिकामा करायला पाच मिनिटेही लागत नाहीत. अर्ध्या तासाचे चालणे आणि पाच मिनिटांचे पिणे यांतली ही तफावत एकदा लक्षात आली की वजन उतरवण्याची मुख्य कळ कोठे आहे याबद्दल फारशी शंका उरत नाही.

अडचण अशी की हा जमाखर्च आपल्याला आतून जाणवत नाही. ‘मी दिवसाला 1,200 कॅलरींपेक्षाही कमी खातो, तरी वजन हलत नाही’ अशी तक्रार असलेल्या काही लोकांचा अभ्यास 1992 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यांच्या खऱ्या ऊर्जाखर्चाचे काटेकोर मोजमाप केले तेव्हा चयापचयात कोणताही दोष आढळला नाही. मात्र आपण किती खातो याचा त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्क्यांनी कमी होता आणि आपण किती हालचाल करतो याचा अंदाज 51 टक्क्यांनी जास्त होता. ही माणसे फसवत होती असे मानण्याचे कारण नाही. स्वयंपाक करताना घेतलेली चव, मुलांच्या ताटात उरलेले संपवणे, काम करता करता तोंडात टाकलेले चार दाणे, हे सारे आपल्या मनाच्या वहीत नोंदलेच जात नाही, तर धापा टाकत चढलेला जिना मात्र ठळकपणे लक्षात राहतो. शिवाय व्यायामानंतर भूक वाढते, आणि ‘आज व्यायाम झाला आहे’ या समाधानात हात थोडा सैल सुटतो. घाम गाळल्यानंतर उरलेला दिवस माणूस नकळत अधिक बसून काढतो असेही पुष्कळदा घडते.

हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी तर या विषयातल्या जाणकारांनाही चकित केले. टांझानियातील हाड्झा हे शिकार आणि कंदमुळे यांवर जगणारे लोक रोज मैलोगणती चालतात. तरीही शरीराच्या आकारमानाचा हिशेब केल्यावर त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च शहरी, बैठ्या जीवनातल्या लोकांपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. नेमाने होणाऱ्या श्रमाची भरपाई शरीर इतर कामांवरचा खर्च आवरून करत असावे, असा अर्थ पाँट्झर लावतात. त्या भरपाईचे प्रमाण किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण व्यायामाने खर्च झालेली प्रत्येक कॅलरी वजनातून सरळ वजा होते ही समजूत आता टिकणारी नाही.

याविरुद्ध एक आक्षेप रास्तपणे घेतला जाऊ शकतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. भरपूर आणि नियमित व्यायामाने, खाण्यात बदल न करताही, वजन उतरते याचा पुरावा आहे. अमेरिकेतच 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जास्त वजनाच्या तरुण स्त्री-पुरुषांनी आठवड्यातून पाच दिवस, दर वेळी 400 किंवा 600 कॅलरी खर्च होईपर्यंत, देखरेखीखाली व्यायाम केला. दहा महिन्यांनंतर पहिल्या गटाचे वजन सरासरी सुमारे 4 किलोंनी आणि दुसऱ्याचे सुमारे 5 किलोंनी घटले. हे यश खरे आहे. पण त्यासाठी काय लागले तेही पाहावे: दहा महिने, आठवड्याचे पाच दिवस, कोणीतरी उभे राहून प्रत्येक सत्राची नोंद घेणारे. ज्याच्याकडे एवढा वेळ आणि एवढा आधार आहे त्याने हा मार्ग जरूर धरावा. नोकरी, प्रवास आणि घरकाम यांतून कसाबसा अर्धा तास काढणाऱ्या माणसाला तेच फळ मिळेल असे सांगणे मात्र त्याची दिशाभूल करणे होय.

ही दिशाभूल दर वेळी अजाणतेपणीच झाली असेही नाही. 2015 मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांतून उघड झाले की ‘ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क’ या शास्त्रज्ञांच्या संघटनेला कोका-कोला कंपनीने पैसा पुरवला होता. लोक काय खातात-पितात यावर नको तितका भर दिला जातो आणि व्यायामाच्या अभावाकडे दुर्लक्ष होते, असा या संघटनेच्या मांडणीचा रोख होता. टीकेचा भडिमार झाल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस ती बरखास्त झाली. पण शर्करायुक्त पेये आणि पाकीटबंद खाद्ये विकणारे उद्योग खेळांच्या स्पर्धांना आजही हौसेने प्रायोजकत्व देतात. त्यातून लोकांच्या मनावर एकच गोष्ट बिंबते: आमचा माल खुशाल घ्या आणि पळून जिरवा. वर मांडलेला हिशेब पाहिल्यावर तो माल पळून जिरत नाही, हे वेगळे सांगायला नको.

आता खाण्याकडे वळू. येथेही चर्चा भलत्याच वाटेने गेली आहे. कर्बोदके तोडावीत की स्निग्ध पदार्थ, सोळा तास उपाशी राहावे की दर दोन तासांनी खावे, यावर लोक तावातावाने भांडतात. ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या नेतृत्वाखाली स्टॅनफर्ड विद्यापीठात झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 609 जणांपैकी काहींना कमी स्निग्धतेचा, तर काहींना कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर देण्यात आला. वर्षाअखेरीस पहिल्या गटाचे वजन सरासरी 5.3 किलोंनी आणि दुसऱ्याचे 6 किलोंनी घटले. हा फरक लक्षणीय नव्हता. दोन्ही गटांना दिलेली शिकवण मात्र बऱ्याच अंशी सारखी होती: भाज्या भरपूर खा, साखर आणि मैद्यासारखी परिष्कृत पिठे टाळा, शक्यतो घरी शिजवलेले खा. सरासरीच्या आड दडलेली गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. दोन्ही गटांत काहींचे वजन पंचवीस किलोंच्या आसपास उतरले, तर काहींचे चक्क वाढले. आहाराच्या नावापेक्षा तो त्या माणसाला मनापासून पाळता येतो का, पोट भरल्याची भावना देतो का, आणि त्याच्या घरात, त्याच्या कामाच्या वेळांत बसतो का, यावर बरेच काही अवलंबून असते, असा निष्कर्ष मी यातून काढतो.

पोट भरल्याची भावना हा या विषयाचा गाभा आहे. केव्हिन हॉल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केलेला, 2019 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने फार बोलका आहे. वीस जणांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त, म्हणजे कारखान्यात बनलेले तयार, आणि दोन आठवडे साधे, कमीत कमी प्रक्रिया केलेले अन्न देण्यात आले. समोर ठेवलेल्या दोन्ही प्रकारच्या अन्नात कॅलरी, साखर, स्निग्धता आणि तंतुमय पदार्थ जवळपास सारखे होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त अन्नावर असताना याच माणसांनी दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या, अधिक वेगाने खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी जवळजवळ एक किलोने वाढले. साध्या अन्नावर ते तेवढेच घटले. या वीस जणांची इच्छाशक्ती मधल्या काळात बदलली नव्हती, बदलले होते ते ताट. जिभेवर ताबा नाही, आळशी आहे, असे जाड माणसाला तोंडावर ऐकवणाऱ्यांनी या प्रयोगावर थोडा विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

म्हणून वजन उतरवण्यासाठी खाण्यात करायचे बदल भूक मारण्याच्या दिशेने न जाता भूक भागवण्याच्या दिशेने जायला हवेत. प्रथिने पचवताना त्यांतल्या ऊर्जेचा 20 ते 30 टक्के भाग पचनातच खर्च होतो आणि त्यांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते. त्यामुळे डाळी, कडधान्ये, अंडी, मासे, दूध यांपैकी जे चालत असेल ते प्रत्येक जेवणात असावे. भाज्या आणि अखंड धान्ये यांतले तंतुमय पदार्थही हेच काम करतात. गोड पेये सर्वांत आधी सुटावीत, कारण त्यांतून कॅलरी मिळतात पण पुढच्या जेवणातली भूक त्या प्रमाणात घटत नाही. झोपेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात सारखाच कमी आहार घेणाऱ्या माणसांना साडेआठ तासांऐवजी साडेपाच तासच झोपू दिले, तेव्हा वजन तितकेच उतरले, पण त्यातला चरबीचा वाटा निम्म्याहूनही कमी झाला आणि स्नायूंची झीज वाढली.

झटपट उतरणाऱ्या वजनाबद्दल मला अधिक काळजी वाटते. पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलोंनी खाली येतो तेव्हा माणूस हरखून जातो. पण त्यातला मोठा भाग पाण्याचा असतो, कारण यकृत आणि स्नायूंमध्ये साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवणीतल्या कर्बोदकाच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते आणि साठा रिता झाला की ते निघून जाते. त्यापुढेही उपासमार चालूच राहिली तर काय होते, हे आन्सेल कीज यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात केलेल्या प्रयोगातून जगाला समजले. 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे सुमारे 1,600 कॅलरींवर ठेवले गेले आणि आठवड्याला सुमारे 35 किलोमीटर चालायला लावले गेले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. त्याबरोबर ती माणसेही बदलली: सतत थंडी वाजू लागली, हृदयाचे ठोके मंदावले, मन खिन्न झाले, कशातच रस उरला नाही, ती ताटे चाटून पुसून घेत आणि फावल्या वेळात पाककृतींची पुस्तके वाचत बसत. आज ‘महिन्यात दहा किलो’ अशी जाहिरात करणारे कित्येक आहार त्या तरुणांना मिळत होते त्याहूनही कमी अन्न देतात. वैद्यकीय देखरेखीखाली, मधुमेहासारख्या आजारात, ठरावीक काळासाठी दिलेल्या अत्यल्प कॅलरींच्या आहाराची गोष्ट वेगळी. त्याचे चांगले परिणाम दिसले आहेत. पण जाहिरात वाचून आपल्या मनाने तो सुरू करणे धोक्याचे आहे.

वजन उतरल्यावर ते टिकवणे हा खरा कठीण भाग, आणि व्यायामाची खरी कामगिरी येथून सुरू होते. केवळ आहार घटवून उतरलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबीऐवजी स्नायूंसारख्या ऊतींचा असतो. वजन पुन्हा चढते तेव्हा मात्र चरबी लवकर भरून येते आणि स्नायू मागे राहतात. असे दोन-चार वेळा झाले तर काट्यावर तोच आकडा असूनही माणूस पूर्वीपेक्षा अशक्त होतो. वजने उचलणे, बैठका, जोर यांसारखा ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने यांनी ही झीज बऱ्याच अंशी रोखता येते. उतारवयात तोल जाणे, पडणे, खुर्चीतून उठताना आधार लागणे या साऱ्यांचा संबंध स्नायूंशी असल्यामुळे पन्नाशीपुढच्या माणसाने वजन उतरवायला घेतले असेल तर ताकदीचा व्यायाम त्याला ऐच्छिक मानता येणार नाही.

शरीर गमावलेले वजन परत मिळवण्यासाठी झटते, हे आता नीट सिद्ध झाले आहे. वजन घटवल्यानंतर वर्षभरानेही भूक वाढवणारी संप्रेरके चढलेली आणि तृप्ती देणारी उतरलेली असतात, असे 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या 14 स्पर्धकांचे वजन स्पर्धेत सरासरी 58 किलोंनी घटले होते. सहा वर्षांनी त्यांतले सरासरी 41 किलो परत आले आणि त्यांचा विश्रांतीच्या अवस्थेतला ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरींनी कमीच राहिलेला होता. पण याच स्पर्धकांमध्ये ज्यांनी घटलेले वजन टिकवले आणि ज्यांचे पुन्हा चढले त्यांची तुलना 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, ती या लेखाच्या मुद्द्याला थेट भिडते. खाण्यातली घट दोन्ही गटांत जवळपास सारखी होती. मोठा फरक होता तो हालचालीत: टिकवणाऱ्यांनी आपली शारीरिक हालचाल स्पर्धेपूर्वीच्या तुलनेत सुमारे 160 टक्क्यांनी वाढवलेली होती, तर वजन परत चढलेल्यांची वाढ 34 टक्के होती. 1994 पासून अमेरिकेत वजन टिकवणाऱ्यांची जी राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते तिच्यातही दिवसाला सुमारे तासभर हालचाल करणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. अलीकडच्या औषधांकडे पाहिले तरी हेच चित्र दिसते. सेमाग्लुटाइड भूक कमी करते आणि 2021 च्या मोठ्या चाचणीत त्याने 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन घटवले; म्हणजे उतरण्याची कळ खाण्यातच होती. औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले.

आणि समजा काटा हललाच नाही, तर व्यायाम वाया गेला का? लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी 1953 साली दाखवून दिले की दिवसभर बसून बस चालवणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतार करत तिकिटे देणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. 1956 मध्ये गणवेशांची मापे तपासल्यावर चालकांच्या विजारींचा घेर मोठा निघाला, म्हणजे माणसांची मूळची ठेवणही वेगळी असू शकते, हेही त्यांनी प्रांजळपणे मांडले. त्यानंतरच्या दशकांत झालेल्या अभ्यासांनी मूळ निष्कर्ष भक्कमच केला आहे. वजन तेच राहिले तरी नियमित व्यायामाने रक्तदाब उतरतो, इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, यकृतातली आणि पोटाच्या आतली चरबी घटते, झोप आणि मन दोन्ही सुधारतात. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 3,234 जणांवरच्या मधुमेह प्रतिबंधाच्या अमेरिकी चाचणीत आहारात बदल आणि आठवड्याला 150 मिनिटे हालचाल यांनी मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन या औषधाने 31 टक्क्यांनी. तेथे उद्दिष्ट होते फक्त 7 टक्के वजन घटवण्याचे. 90 किलोंच्या माणसासाठी हे सहा-सात किलो होतात. आरशात कदाचित फारसा फरक दिसणार नाही, पण आरोग्यात पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 89 कोटी प्रौढ स्थूल होते. एवढी माणसे एकाच काळात एकाएकी आळशी झाली, असे मानणे तर्काला धरून नाही. त्यांच्या भोवतीचे अन्न बदलले. म्हणून धोरणाचा पहिला रोख त्या अन्नावर हवा. ब्रिटनने 2018 मध्ये साखरेच्या प्रमाणानुसार शीतपेयांवर कर लावला, तेव्हा अनेक उत्पादकांनी कर टाळण्यासाठी आपणहून साखर घटवली, आणि पिणाऱ्याला काहीही न करता लाभ झाला. चिलीने 2016 पासून साखर, मीठ, संपृक्त स्निग्धता किंवा कॅलरी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे इशारे छापायला लावले. असे उपाय पुरेसे नाहीत, पण दोष माणसाच्या माथी मारण्यापेक्षा ते कितीतरी न्याय्य आहेत.

कार्यालयांतून आणि निवासी संकुलांतून भरणाऱ्या ‘सर्वाधिक वजन घटवा’ छापाच्या स्पर्धा बंद व्हाव्यात, असे मला वाटते. त्या उपासमारीला बक्षीस देतात. डॉक्टरांनी वजनाबद्दल बोलताना आधी रुग्ण दिवसभरात काय पितो, कोणत्या वेळी काय खातो, किती झोपतो, हे विचारावे आणि त्यातली एखादी-दुसरीच गोष्ट बदलायला सांगावी. व्यायामाचा सल्ला त्यापासून वेगळा काढून, प्रत्येकाला, सडपातळ रुग्णालाही, द्यावा: आठवड्याला निदान 150 मिनिटे दम लागेल असे चालणे किंवा तत्सम हालचाल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. पुढच्या भेटीत या दुसऱ्या सल्ल्याचा आढावा घेताना रुग्णाला काट्यावर उभे न करता रक्तदाब मोजावा, कमरेचा घेर पाहावा आणि दोन मजले चढताना आता किती धाप लागते ते विचारावे.